सोन्याची वही

पहाटे 4.30

मावशींनी आधणाचं पाणी ठेवलं आहे. काठवटीत शाळूचं पीठ. आज साठ भाकऱ्या, म्हणजे सहा किलो पीठ. शाळू बेचाळीस रुपये किलो पडला, दळणाचे वर सहा. दोन शेगड्यांवर दोन तवे. भाकरी थापताना मावशींच्या बांगड्या काठवटीला लागून एकसारख्या वाजत राहतात.

पाचला सोन्या उठतो. वय 23. स्वावलंबन कार्डावर लिहिलं आहे : बौद्धिक अक्षमता, 75 टक्के. तोंड धुऊन तो आईशेजारी मांडी घालून बसतो. त्याचं काम ठरलेलं. आईनं केलेला गोळा परातीत ठेवायचा आणि वरून अंगठ्यानं दाबायचा. एका ओळीत चार. पाचवा आला की तो थांबतो, आईकडे बघतो, मग नवी ओळ सुरू करतो. एकही ओळ चुकत नाही.

सकाळी 7.00

भाकऱ्या फडक्यात गुंडाळून मावशी कोपऱ्यावरच्या खानावळीत देऊन येतात. एका भाकरीचे दहा रुपये, म्हणजे सहाशे हातात. पीठ वजा, गॅसचे धरून पन्नास वजा. अडीचशेच्या वर थोडे उरतात.

घरी काका दाढी करतात. ते शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहेत, वय 56. आज त्यांचा खाडा. सहाशेची हजेरी बुडाली. "गेल्या महिन्यात एक, आज एक," ते म्हणतात. "कागदाचं काम खाड्याशिवाय होत न्हाई बगा."

सकाळी 8.00

सोन्याची फिटची गोळी. सकाळी आठ, रात्री आठ. गोळी केळ्याच्या फोडीत घालूनच द्यावी लागते.

मग मावशी पिशवी उघडतात. चेनची प्लास्टिकची पिशवी, आत आणखी पिशव्या. जन्माचा दाखला, आधार, रेशन कार्ड, स्वावलंबन कार्ड, सिव्हिलचं प्रमाणपत्र, निरामयचं कार्ड. निरामय हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. विमा देण्याआधी तपासणी मागत नाहीत, म्हणून सोन्यासारख्या मुलालाही तो मिळतो. मार्च संपायच्या आत नूतनीकरण करायचं. ती तारीख मावशींनी कपाटाच्या दारावर आतून खडूनं लिहून ठेवली आहे.

आज ज्यासाठी जायचं, तो कागद अजून पिशवीत नाही.

सोन्या लहान असताना मावशींनी एका बँकेत त्याच्या नावानं खातं काढलं होतं. सणाचे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले, भाकरीचे. एक्केचाळीस हजार झाले. तो अठरा वर्षांचा झाला आणि पुढच्या वेळी खिडकीतल्या माणसानं सांगितलं, आता तुमची सही चालणार नाही. कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा.

"मी म्हटलं, आवो आई हाय मी त्याची. ते म्हणाले, ते खरं हाय, पण कागद लागतो."

कायद्यानं अठराव्या वर्षी मूल सज्ञान होतं. सोन्याही झाला. आईबापाचं पालकपण त्या दिवशी संपलं, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शाळेत, दवाखान्यात, ज्या ज्या ठिकाणी मावशी इतकी वर्षं त्याला घेऊन गेल्या, तिथल्या कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं. हे कळेपर्यंत पाच वर्षं गेली.

सकाळी 9.15

हातकणंगल्याच्या स्टँडवरून कोल्हापूरची एस.टी. काकांचं तिकीट पूर्ण. मावशींचं अर्धं, बायकांची सवलत. सोन्याला 75 टक्के सूट, म्हणजे पाव. माझंही अर्धं धरून सव्वादोन तिकिटं. कंडक्टर कार्ड बघतो, सोन्याकडे बघतो, मशीनमधून कागद फाडतो. सोन्याला खिडकी हवी. खिडकी नसेल तर तो उभा राहतो आणि हुंदके देतो. आज खिडकी मिळाली.

सकाळी 10.45

जिल्हाधिकारी कार्यालय. झेरॉक्स अकरा पानं, दोन रुपयांप्रमाणे बावीस. पासपोर्ट फोटो कमी पडला, आणखी चाळीस. मावशी पदराच्या गाठीतून पैसे काढतात आणि प्रत्येक वेळी पुटपुटत बेरीज करतात.

बाकावर आणखी तीन घरं. एक मुलगी चाकाच्या खुर्चीत आहे. एक चाळिशीचा माणूस म्हाताऱ्या वडिलांचा हात सोडत नाही. कुणी कुणाला काही विचारत नाही, पण सगळ्यांच्या मांडीवर तसलीच पिशवी.

दुपारी 12.10

आत बोलावलं. ही स्थानिक स्तर समिती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं नेमलेली. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती अठरा वर्षांनंतरचा पालक नेमते. त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

प्रश्न साधे आहेत. घर कुणाच्या नावावर? उत्पन्न किती? औषधं कुठली? मग पालकाची जबाबदारी समजावून सांगतात. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर वर्षी हिशेब. एक्केचाळीस हजारांचाही हिशेब. काका मान डोलावतात.

"आणि तुमच्यानंतर?"

काका म्हणतात, "आमी हाय की अजून."

"ते आहेच. पण नंतर?"

मावशी पदर सारखा करतात. "पोरगी हाय, निपाणीला दिलीया. ती म्हणती मी बघीन. पण तिलाबी तिचा संसार हाय." एवढं बोलून त्या सोन्याच्या शर्टाचं वरचं बटण लावतात. ते आधीच लावलेलं असतं.

विचारणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता. विचारायलाच हवा असा तो प्रश्न होता. तरी त्या दोन मिनिटांत खोलीतला पंखा मोठ्यानं फिरतोय असं वाटलं.

शेवटी एका कागदावर सोन्याचा अंगठा हवा. शाईचा डबा पुढं आला आणि सोन्यानं मूठ मिटली. काका ओढू लागले, तशी मूठ आणखी घट्ट. मावशींनी त्यांचा हात बाजूला केला आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "गोळा दाब. चौथा हाय." मूठ सुटली. अंगठा कागदावर आला, परातीत दाबतो तसाच, सरळ. निळा ठसा पूर्ण उमटला. प्रमाणपत्र नंतर मिळेल.

दुपारी 1.20

झाडाखाली डबा. भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीची आई शेजारी येऊन बसते. ती शेतमजूर आहे. मुलीला संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात, पूर्वी महिना 1500, आता 2500. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि दर वर्षी हयातीचा दाखला.

"तुमाला न्हाई?"

"न्हाई. पन्नास हजाराच्या वर गेलं की बसत न्हाई," मावशी सांगतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ती मर्यादा आहे. काकांची हजेरी एकटीच तिच्या पलीकडे जाते.

दुपारी 2.30

सायबर कॅफे. आज खाडा झालाच आहे, तर दुसरं कामही उरकायचं. काकांच्या पीएफच्या नोंदीत कुटुंब म्हणून फक्त मावशींचं नाव आहे. सोन्याचं घालायचं. ओटीपी काकांच्या मोबाईलवर येतो, म्हणून ते स्वतः लागतात.

कर्मचारी पेन्शन योजनेत, 1995 च्या, सभासदाच्या मुलांना पेन्शन मिळते ती एरवी 25 व्या वर्षापर्यंत. मूल कायमचं आणि पूर्ण अक्षम ठरलं तर वयाची अट नाही, तहहयात. ठरवणारे डॉक्टर असतात आणि "पूर्ण" हा शब्द अवघड आहे. तरी नाव आधीच नोंदलेलं असलं की मावशींना उद्या एकटीनं सिद्ध करायचं ओझं थोडं कमी होईल. फौंड्रीतल्या कितीजणांनी हे केलंय, असं मी विचारलं. काका म्हणाले, "कुणी सांगितलंच न्हाई, तर करणार कोण?"

ओटीपी दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा जातो. पन्नास रुपये.

दुपारी 4.00

परतीची एस.टी. खिडकी. सोन्या झोपतो.

मावशी हळू आवाजात विचारतात, ठेवीच्या पावतीवर पोरीला नॉमिनी केलंय, म्हणजे पैसे तिचे झाले का? नाही. नॉमिनीनं पैसे ताब्यात घ्यायचे. मालक कोण, ते मृत्युपत्रावर किंवा वारसा कायद्यावर ठरतं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करायचं नाही. दोन खोल्या आणि साठ हजारांची ठेव, एवढ्याला मृत्युपत्र कशाला, काका म्हणतात. मावशी बोलत नाहीत. उतरताना मला म्हणतात, "ताई, रविवारी येशील? लिवून घेऊ."

रात्री 8.00

गोळी, केळ्याच्या फोडीत. अंगठ्याची शाई रॉकेलच्या बोळ्यानंही पुरती निघालेली नाही.

कपाटातून मावशी एक वही काढतात. शंभर पानी, शाळेची. ही पोरीसाठी. सरकारी कागदांत जे मावत नाही ते हिच्यात. अक्षर मोठं आणि वाकडं, मावशी सातवी शिकल्या आहेत. कुकरच्या शिट्टीला भितो, आधी सांगावं. दूध पीत नाही, चहात भाकरी कुस्करून खातो. फिट आली तर कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही. नखं झोपल्यावर कापायची. पांढरा शर्ट नको.

आज त्या दोन ओळी घालतात. एस.टी.त खिडकी लागते. अंगठा द्यायचा असेल तर ओढू नये, गोळा दाब म्हणावं.

मग वही मिटून उद्याचं पीठ मोजायला घेतात. सहा किलो. काका पावणेपाचचा गजर लावतात, मावशी मोबाईल घेऊन तो सव्वाचारचा करतात.