नियमयंत्राची स्मरणशक्ती

फी-सवलतीची यादी लागावयाच्या दिवशी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालक सकाळपासून ताटकळत उभे होते. यादी आली नाही. ती जेथून यावयाची त्या कार्यालयाचा निरोप मात्र आला: "संगणकाची मेमरी भरली." तेव्हा एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले, "टीचर, नियम तर चारच आहेत. मग एवढे लक्षात ठेवायला त्या यंत्राला आहे तरी काय?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या कार्यालयातील एका तरुणाने मला तो नियम कागदावर उतरवून दाखविला, तेव्हा उलगडा झाला.

'जर असे असेल, तर तसे करावे' या धाटणीचे नियम जेथे पुष्कळ असतात आणि वरचेवर बदलतात, तेथे ते मूळ प्रोग्रॅममध्ये गुंतवून न ठेवता वेगळे लिहितात व एका रूल्स इंजिनच्या स्वाधीन करतात. त्याला आपण नियमयंत्र म्हणू. त्याच्या एका हाताशी नियम असतात आणि दुसऱ्या हाताशी वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट. एक विद्यार्थी ही एक वस्तू, उत्पन्नाचा एक दाखला ही दुसरी. कोणता नियम कोणत्या वस्तूंना लागू पडतो, हे शोधीत राहणे हेच त्याचे काम.

आता एखादी वस्तू बदलली की सर्व नियम सर्व वस्तूंशी पुन्हा ताडून पाहावयाचे, हा मार्ग सरळ खरा, पण फार संथ. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्गी यांनी यावर तोड काढली. 1979 च्या प्रबंधात व 1982 च्या निबंधात त्यांनी ती विस्ताराने मांडली. एका वेळी बदलतात त्या वस्तू थोड्याच, हे त्यांनी हेरले. म्हणून एकदा जुळवून झालेले पुन्हा जुळवू नये, ते टिपून ठेवावे, अशी त्यांची योजना. तिचे नाव 'रेटे'. लॅटिन भाषेत रेटे म्हणजे जाळे. आपल्या रेटारेटीशी त्याचा काही संबंध नाही! या जाळ्याच्या वरच्या गाठींत वस्तू एकेकटी तपासली जाते. खालच्या गाठींत दोन-तीन वस्तूंची जोडणी होते. आणि प्रत्येक गाठ आपापला निकाल, अर्धवट जुळलेल्या जोड्यांसह, जपून ठेवते. वेग येतो तो या जपणुकीमुळेच, आणि मेमरी भरते तीही त्यामुळेच.

त्या कागदावरील नियम असा होता: एक विद्यार्थी घ्यावा, एक दाखला घ्यावा, मग दोहोंचे क्रमांक एक आहेत काय ते पाहावे, आणि शेवटी उत्पन्न मर्यादेच्या आत आहे काय ते तपासावे. वाचताना यात काहीच वावगे वाटत नाही. परंतु 40,000 विद्यार्थी आणि तितकेच दाखले असतील, तर क्रमांक पाहण्यापूर्वीच प्रत्येक विद्यार्थ्याची प्रत्येक दाखल्याशी जोडी लागते. त्या होतात 160 कोटी जोड्या! एका जोडीला अवघे 50 बाइट धरले, तरी 80 गिगाबाइट. नियम थोडे असून भागत नाही, श्रोतेहो. एकच पुरेसा होतो.

उपाय त्याच कागदावर करता येण्यासारखा होता. उत्पन्नाची अट दाखल्यालाच लावावी, म्हणजे अपात्र दाखले वरच्या गाठीतच गळतात. क्रमांकाची अट जोडणीच्या जागीच ठेवावी, म्हणजे यंत्र क्रमांकाच्या सूचीवरून नेमका जोडीदार काढते. मग जोड्या उरतात त्या फार तर 40,000. वर्गात मुलांना आपण ओळीने उभे करून क्रमांक विचारतो. प्रत्येकाला प्रत्येकापुढे नेऊन उभे करीत नाही, तशातलाच हा प्रकार.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. जावा भाषेत नको झालेल्या वस्तू आपोआप झाडून नेणारी व्यवस्था असते, आणि तिच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहिणारा निर्धास्त राहतो. पण ती व्यवस्था नेते ती कोणीही धरून न ठेवलेली वस्तू. आपण हातातली सोडली, तरी नियमयंत्राच्या गाठींनी ती धरलेलीच असते. आपल्याकडे रापण किनाऱ्याला लागली की रिकामी करतात. हे जाळे आपण होऊन रिकामे होत नाही. काम सरलेली वस्तू काढून टाक, असे त्याला स्पष्ट सांगावे लागते, आणि सारे काम आटोपले की ते सत्रच मोडून टाकावे लागते. माझ्या मते याहून चांगली सवय म्हणजे मुळात सगळे कपाट त्याच्यापुढे ओतूच नये. एका विद्यार्थ्याचा निर्णय दुसऱ्यावर अवलंबून नसेल, तर एकेका शाळेचे गठ्ठे करून द्यावेत, निकाल लिहून घ्यावा व जाळे झटकावे. ज्या घटनांचे महत्त्व तासाभराचेच, त्यांना तासाची मुदत घालून देण्याचीही सोय काही यंत्रांत आहे.

जपणुकीच्या या अतिरेकावर विद्वानांचेही लक्ष गेले होतेच. डॅनियल मिरांकर यांनी 1987 मध्ये 'ट्रीट' ही पद्धत मांडली. तीत अर्धवट जोड्या साठवीतच नाहीत, लागतील तेव्हा पुन्हा लावतात. मेमरी वाचते, श्रम मात्र काही वेळा वाढतात. 'ड्रूल्स' या प्रसिद्ध नियमयंत्राने 2013 मधील सहाव्या आवृत्तीत रेटेचाच वारसा ठेवून आळशीपणा पत्करला: नियम पुरा होण्याची शक्यता दिसेपर्यंत जोडणीला हातच घालावयाचा नाही. आळसाची अशी भलामण एरवी शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही, हे मी जाणून आहे.

आमची यादी चौथ्या दिवशी लागली. त्या तरुणाने दोन अटी वर सरकविल्या होत्या, एवढेच. त्या मुलीचे नाव तीत होते. मात्र तोवर तिच्या वडिलांनी फीसाठी उसने पैसे काढलेले होते.