अवर्षणाशी जुळवून घेणारी रब्बी ज्वारी : जनुकसंचाच्या अभ्यासाची दिशा आणि मर्यादा

प्रस्तावना :

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतील कोरडवाहू रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिची पेरणी होते. त्यानंतर एखादी सर आली तर आली, अन्यथा काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या पाण्यावरच पिकाला पुढील चार महिने काढावे लागतात. पीक पोटरीत येणे, फुलोरा आणि दाणे भरणे या निर्णायक अवस्था नेमक्या ओल खाली खाली जात असतानाच येतात. वाढीच्या अखेरच्या काळातील या टंचाईला ‘अंत्यावस्थेतील अवर्षण’ म्हणता येईल.

या परिस्थितीतही ज्वारी दाणा आणि कडबा दोन्ही कशी देते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत तिच्या जनुकसंचाच्या, म्हणजे पेशीतील संपूर्ण आनुवंशिक मजकुराच्या, अभ्यासातून शोधले जात आहे. या अभ्यासाने काय उलगडले, कोणते प्रश्न शिल्लक आहेत आणि या विषयावर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने कोणती दृष्टी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अवर्षणाला तोंड देण्याच्या तीन रीती :

वनस्पतिशास्त्रात अवर्षणाशी होणाऱ्या अनुकूलनाचे साधारणतः तीन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार अवर्षण चुकविण्याचा. यात वनस्पती लवकर फुलोऱ्यावर येते आणि ओल संपण्यापूर्वी आपले जीवनचक्र पूर्ण करते. दुसरा प्रकार पेशींतील पाणी राखण्याचा. खोल मुळे, पानांवरील मेणाचा थर, पर्णरंध्रे वेळीच मिटणे ही त्याची साधने होत. तिसरा प्रकार सहनशीलतेचा. येथे पेशीतील पाणी कमी झाले तरी तिचे कार्य काही काळ चालू राहते.

ज्वारीत या तिन्ही रीती कमीअधिक प्रमाणात आढळतात. शिवाय तिचे प्रकाशसंश्लेषण सी-४ पद्धतीचे असल्यामुळे उष्ण आणि प्रखर उन्हाच्या प्रदेशात ती पाण्याचा वापर अधिक काटकसरीने करू शकते. मात्र मका आणि ऊस ही पिकेही सी-४ पद्धतीचीच आहेत, तरीही ओलीच्या टंचाईत त्यांचा ज्वारीइतका टिकाव लागत नाही. म्हणजेच केवळ या एका गुणाने ज्वारीच्या काटकपणाचा उलगडा होत नाही.

जनुकसंचाचे वाचन :

ज्वारीच्या ‘बीटीएक्स ६२३’ या वाणाचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० गुणसूत्रांच्या जोड्या असलेल्या या पिकाच्या जनुकसंचाची लांबी सुमारे ७३ कोटी अक्षरे आहे. मक्याच्या जनुकसंचाच्या तुलनेत ती सुमारे एक-तृतीयांशच भरते. त्यामुळे ज्वारी हे अभ्यासासाठी सोयीचे तृणधान्य ठरले.

परंतु एका वाणाचे वाचन म्हणजे संपूर्ण पिकाचे वाचन नव्हे. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे आणि लागवडीखालील ज्वारीचे बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर व दुर्रा असे पाच प्रमुख गट मानले जातात. आपली रब्बी ज्वारी प्रामुख्याने दुर्रा गटातील आहे. २०१३ मध्ये जगभरातील ९७१ वाणांची तुलना प्रसिद्ध झाली. २०१५ मधील अभ्यासात, जेथून गोळा केले ते ठिकाण नोंदलेले आहे असे १,९४३ देशी वाण घेतले गेले. त्यांच्या जनुकसंचातील चार लाखांहून अधिक ठिकाणचे भेद त्या त्या स्थळाच्या पर्जन्यमानाशी, तापमानाशी व जमिनीशी ताडून पाहण्यात आले. कोरड्या प्रदेशातील वाणांत वारंवार आढळणारे भेद अनुकूलनाशी संबंधित असावेत, हे यामागील तर्कशास्त्र होय. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड अशा रीतीने संशोधनाची आधारसामग्री बनते.

हिरवेपणा टिकविणारे जनुकखंड :

अवर्षणात बहुतेक वाणांची खालची पाने लवकर करपतात. काही वाणांची पाने मात्र दाणे भरेपर्यंत हिरवी राहतात. या गुणाला ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. असे वाण सहसा लवकर लोळत नाहीत आणि टंचाईच्या काळात ताट आतून पोखरणाऱ्या खडखड्या रोगालाही अधिक दाद देत नाहीत. इथिओपियातील दुर्रा गटाच्या एका वाणापासून तयार झालेला ‘बी ३५’ हा या गुणाचा प्रमुख स्रोत आहे. त्यात स्टे-ग्रीन १ ते ४ असे चार महत्त्वाचे जनुकखंड आढळले. पैकी पहिले दोन तिसऱ्या गुणसूत्रावर, तिसरा दुसऱ्या गुणसूत्रावर आणि चौथा पाचव्या गुणसूत्रावर आहे.

हे जनुकखंड पानांना हिरवे ठेवणारे एखादे द्रव्य निर्माण करीत असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेले निष्कर्ष वेगळे आहेत. या खंडांमुळे रोपाला फुटवे कमी येतात, वरच्या पानांचा आकार आटोक्यात राहतो आणि फुलोऱ्यापूर्वी होणारा पाण्याचा खर्च घटतो. वाचलेले पाणी दाणे भरताना उपयोगी पडते. हिरवेपणा हे कारण नसून परिणाम आहे; मूळ गोष्ट आहे ती पाण्याच्या खर्चाचे वेळापत्रक.

एकच जनुकखंड, निराळा परिणाम :

हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत हे जनुकखंड ‘एस ३५’ आणि रब्बी हंगामातील ‘आर १६’ या दोन वाणांत संकराद्वारे आणण्यात आले. मातीने भरलेल्या लांब नळ्यांत रोपे वाढवून आणि नळ्यांचे वेळोवेळी वजन करून प्रत्येक रोपाने केव्हा किती पाणी उचलले, हे मोजले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्टे-ग्रीन १ मुळे ‘एस ३५’ या वाणाची जमिनीतून पाणी उचलण्याची क्षमता वाढली, ‘आर १६’ मध्ये मात्र वाढली नाही. पहिल्या व तिसऱ्या खंडामुळे ‘एस ३५’ मधील फुटवे आणि पानांचे क्षेत्र घटले. ‘आर १६’ मध्ये तसा परिणाम दिसला नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. ‘अवर्षणाचे जनुक’ नावाची सुटी वस्तू एका वाणातून काढून दुसऱ्यात बसविली की काम झाले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. जनुकाचा अर्थ भोवतालच्या जनुकसंचावर आणि जमिनीवरही अवलंबून असतो. खोल काळ्या जमिनीत खोल मूळ उपकारक ठरते. हातभर खोलीवर मुरूम लागणाऱ्या जमिनीत तेच मूळ जाणार कोठे? म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, तर भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी वेगवेगळ्या वाणांची शिफारस केली आहे.

अभ्यासकापुढील कार्य :

‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने तयार झाला. त्या वेळी जनुकसंचाचे वाचन कल्पनेतही नव्हते. तरीही भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि अवर्षणातील खात्री यांमुळे तो आजही तुलनेचा मापदंड आहे. दाणा वाढला पण कडबा घटला, तर असा वाण जनावरे सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला परवडत नाही. प्रयोगशाळेने ‘उत्पादन’ हा शब्द योजताना या दोहोंचा विचार केला पाहिजे.

या विषयावरील पीएच.डी. संशोधनाचे तीन टप्पे मानता येतील. प्रथम देशी वाणांचे संकलन करून गाव, जमिनीची खोली, पेरणीचा काळ आणि शेतकऱ्याने सांगितलेले गुण नोंदविणे. नंतर त्यांच्या जनुकसंचांची तुलना करणे. आणि अखेरीस निवडक वाण निरनिराळ्या जमिनींत वाढवून पाण्याचा वापर प्रत्यक्ष मोजणे. यांपैकी दुसरा टप्पा आज तुलनेने सुलभ झाला आहे. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांना मात्र अनेक हंगाम व चिकाटी लागते, आणि संशोधनाचे मोल त्यांवरच ठरते.

समारोप :

१९७० च्या सुमारास देशात दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी होती. आज ते क्षेत्र पन्नास लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. क्षेत्राबरोबर गावोगावचे देशी वाणही मागे पडत आहेत. जनुकपेढ्यांनी हजारो नमुने जतन केले आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु पेढीतील बी शीतगृहात स्थिर राहते. शेतातील बी बदलत्या पावसाबरोबर बदलत जाते. जनुकसंच वाचण्याचे तंत्र वर्षागणिक स्वस्त होत आहे. मात्र जो वाण शेतातून आणि पेढीतून, दोन्हीकडून नाहीसा झाला, तो कोणत्याही यंत्राला वाचता येणार नाही. कोरडवाहू भागातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील वाणांच्या नोंदी आजच करून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. या कार्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. वही, बियांच्या पिशव्या आणि शेतकऱ्याचे ऐकून घेण्याची तयारी एवढ्यावर त्याचा प्रारंभ होऊ शकतो.