नगरजीवनातील विसावा : पालि साहित्याच्या आधारे एक विचार

रविवारच्या वंदनेनंतर विहारात थोडा वेळ बसून शंकासमाधान करण्याची आमच्याकडे प्रथा आहे. अशाच एका रविवारी एका वयस्क उपासिकेने विचारले, "भंतेजी, ध्यानाला एकांत लागतो असं तुम्ही सांगता. आमची खोली दहा बाय बाराची, माणसं सहा. पलीकडं टीव्ही, अलीकडं मिक्सर. मी एकांत आणू कुठून?" सभेत हशा पिकला, परंतु विचारणारीच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. भंतेजींनी तो प्रश्न पुढील रविवारसाठी राखून ठेवला. प्रस्तुत लेखकालाही तो घरी घेऊन जावा लागला. त्याचा मागोवा घेताना पालि साहित्यात जे आढळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बुद्धांचा धम्म हा अरण्यवासीयांसाठी सांगितलेला धम्म होय आणि नगरात राहणाऱ्याने त्यातील दान-शीलापुरतेच घ्यावे, अशी समजूत आपल्या लोकांतही रूढ आहे. वस्तुतः तथागतांच्या चारिकेचा नकाशा पाहिला तर तो श्रावस्ती, राजगृह, वैशाली, कोसंबी अशा त्या काळातील गजबजलेल्या नगरांना जोडणारा दिसतो. पालि साहित्यात समृद्ध नगराचे वर्णन करायचे झाले तर ते आवाजावरून केले जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुसिनारा हे लहानसे गाव आहे, भगवंतांनी येथे परिनिर्वाण करू नये, असे आनंदाने म्हटले तेव्हा भगवंतांनी त्याच स्थानी पूर्वी असलेल्या कुसावती राजधानीचे वर्णन केले. त्या नगरीत रात्रंदिवस दहा आवाज कधी थांबत नसत. हत्ती, घोडे आणि रथ यांचे आवाज. भेरी, मृदंग, वीणा, गायन, झांजा आणि टाळ यांचे आवाज. आणि दहावा आवाज लोकांना खाण्यापिण्याचा आग्रह करणाऱ्या हाकांचा. आपल्या मुंबईच्या एखाद्या नाक्यावर संध्याकाळी सात वाजता उभे राहून आवाज मोजले तर दहाच्या पुढे सहज जातील, आणि दहावा तर हुबेहूब तोच निघेल.

याचा अर्थ बुद्धांना गोंगाटाचे काहीच वाटत नव्हते असा मात्र नाही. आपले काही व्याख्याते "मन शांत असेल तर आवाजाचा त्रास होत नाही" असे ठोकून देतात, त्यांनी अंगुत्तर निकायातील कण्टक सुत्त वाचावे. वैशालीच्या कूटागारशाळेत भगवंत असताना नामांकित लिच्छवी मोठ्या थाटाने, रथांच्या कोलाहलात दर्शनाला येऊ लागले. तेव्हा काही स्थविर भिक्खू, ध्यानाला शब्द हा काटा आहे असे म्हणून गोसिंग शालवनात निघून गेले. भगवंतांनी त्यांना दोष दिला नाही. उलट त्यांचे म्हणणे योग्यच आहे असे सांगितले. मज्झिम निकायातील चातुमा सुत्तात तर नव्याने आलेले भिक्खू सामान ठेवताना, जागा लावताना इतका गलका करतात की भगवंतांना मासे ओढणाऱ्या कोळ्यांची आठवण होते आणि ते त्यांना तेथून जायला सांगतात. आवाजाचा त्रास होणे हा साधकाचा कमकुवतपणा नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीतल्या त्या उपासिकेची तक्रार स्थविरांच्या तक्रारीहून वेगळी नाही. फरक एवढाच की तिच्यासाठी कोणतेही गोसिंग शालवन मोकळे नाही.

मग मधला मार्ग कोणता? विनय पिटकातील चुल्लवग्गात अनाथपिंडिकाने जेतवन निवडले तो प्रसंग आहे. राजगृहाहून श्रावस्तीस परतल्यावर त्याने विहारासाठी जागा शोधली ती काही विशिष्ट कसोट्यांवर. जागा नगरापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. जाणाऱ्या-येणाऱ्यांना सोयीची असावी. दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री आवाज कमी असावा. आधुनिक नगररचनाकारांनी उद्यानासाठी जागा ठरवताना यापेक्षा अधिक काय पाहावे, हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. विहार ही कल्पनाच मुळी नगराला टाकून जाण्याची नव्हे. ती नगराच्या कडेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, श्वास घेण्याची जागा राखण्याची कल्पना आहे.

महाराष्ट्रातील लेणी या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचेच उदाहरण घेऊ. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत नांदता होता. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावे नोंदलेली आहेत. त्यांत कल्याण आहे, सोपारा आहे, नाशिक आहे. दाते बहुतांशी व्यापारी, श्रेष्ठी, कारागीर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया. त्यांनी दिलेल्या वस्तूंत कोरीव लेणी आहेत तशी पाण्याची टाकी आहेत. लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. लेण्यालेण्याच्या दाराशी एखादे टाके आणि ओसरीत दगडात कोरलेला बाक, एवढ्यावर त्या काळच्या एका भिक्खूचा संसार आटोपत असे. आज ज्यास नालासोपारा म्हणतात ते तेच सोपारा, आणि कल्याण तर नाव न बदलता तेथेच आहे. दोन्ही स्थानकांवर सकाळी आठच्या लोकलमध्ये शिरताना जी झटापट होते ती वाचकांस सांगावयास नको. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच गावांतले, बंदराच्या आणि बाजाराच्या धबडग्यात पिचलेले लोक डोंगरात पाण्याची टाकी खोदवीत होते. पुष्कळांना त्या बाकांवर महिनोन्महिने बसायला मिळाले नसेल. तरीही नगराजवळ अशी जागा असली पाहिजे, हे त्यांना पटले होते आणि त्यासाठी त्यांनी गाठीचे द्रव्य मोजले होते.

परंतु रोज कान्हेरीला जाणे कोणालाच शक्य नाही. येथे सतिपट्ठान सुत्ताकडे वळावे लागते. हे सुत्त अरण्यात सांगितलेले नाही. कुरू जनपदातील कम्मासधम्म नावाच्या निगमात, म्हणजे बाजारपेठेच्या गावी, ते सांगितले गेले. त्यातील आनापानाचा भाग झाडाखाली किंवा रिकाम्या घरात बसून करावयाचा आहे, हे खरे. पण संपजञ्ञाचा जो भाग त्यापुढे येतो त्याला कसलीच जागा लागत नाही. पुढे जाताना व मागे येताना, पाहताना, हात वाकवताना व पसरताना, वस्त्र नेसताना, खाताना, पिताना, मलमूत्रविसर्जन करताना, चालताना, उभे असताना, बोलताना आणि गप्प बसताना जे करीत आहोत ते जाणून करावे, एवढेच तेथे सांगितले आहे. यातली एकही क्रिया अशी नाही की जी चाळीत घडत नाही.

अट्ठकथेत या निगमाविषयी एक सुंदर माहिती दिली आहे. कुरू देशात दासदासी, मोलमजुरी करणारे लोकसुद्धा सतिपट्ठानाविषयीच बोलत. पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी निरर्थक गप्पा होत नसत. एखाद्या स्त्रीला दुसऱ्या बायका विचारीत, "बाई, तू कोणत्या सतिपट्ठानाची भावना करतेस?" ती "कोणत्याच नाही" म्हणाली तर तिची कानउघाडणी होई आणि तिला एखादे शिकवले जाई, "अमुक करते" म्हणाली तर तिला साधुवाद मिळे. अट्ठकथाकारांनी यात रंग भरला असणे शक्य आहे. तरीही त्यांच्या मनातील चित्रात ध्यानाची जागा पाणवठा आहे, ही गोष्ट मोलाची वाटते.

त्याच अट्ठकथेत एका महास्थविराची कथा आहे. शिष्यांशी बोलता बोलता त्यांनी झटकन हात वाकवला. मग तो पुन्हा होता तेथे नेऊन ठेवला आणि सावकाश वाकवला. शिष्यांनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की, कर्मस्थान स्वीकारल्यापासून भान सोडून मी कधी हात वाकवला नव्हता. आज तुमच्याशी बोलताना तसे झाले, म्हणून पुन्हा केला. नगरवासी साधकाने ही कथा जवळ बाळगावी. दिवसातून शंभरदा भान सुटणारच. जिना उतरताना, कुलूप लावताना, भांडे घासताना एखादीच क्रिया पुन्हा सावकाश करता आली तरी ती त्या महास्थविरांच्या परंपरेतली आहे.

आता सुखाविषयी. बौद्ध म्हटला की त्याने सुखाकडे पाठ फिरवली पाहिजे, अशी आणखी एक समजूत आहे. याच सुत्तातील वेदनानुपस्सनेत सुखद वेदनेचे दोन प्रकार सांगितले आहेत, सामिस आणि निरामिस. म्हणजे विषयोपभोगाशी जोडलेली आणि त्यापासून मोकळी. सामिस सुख अनुभवास आले तर "आले" असे जाणावे, एवढाच आदेश आहे. दोष वेदनेत नाही, तिच्यामागून येणाऱ्या तण्हेत आहे. उदाहरण घेऊ. मे महिन्यात दुपारच्या गाडीला सुदैवाने खिडकी मिळाली. वसईची खाडी ओलांडताना खारा वारा तोंडावर आला. ही सुखद वेदना. ती पूर्ण घ्यावी. ती घेण्यास कोणत्याही सुत्तात मनाई नाही. पुढच्याच क्षणी मन म्हणते, उद्याही ही जागा मला मिळावी. आणि परवा त्या जागेवरून कोणाशी तरी हमरीतुमरी होते. वारा तोच, खाडी तीच.

स्वतः तथागतांना स्थळांच्या सौंदर्याची जाण होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात चापाल चेतियापाशी बसून त्यांनी आनंदाला वैशाली रमणीय आहे असे सांगितले आणि तिच्या भोवतीची चेतिये एकेक नाव घेऊन रमणीय म्हटली. पुढे वैशाली सोडताना मागे वळून त्यांनी तिच्याकडे शेवटचे पाहिले. ज्याला काहीही धरून ठेवायचे नाही अशाच माणसाला नगर इतक्या मोकळेपणाने रमणीय म्हणता येते. आपण आपल्या शहरातील किती गोष्टींची नावे अशी घेऊ शकू? एप्रिल-मेमध्ये फुललेला ताम्हण, सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांनी झाकलेला पदपथ, चैत्यभूमीमागचा ओहोटीचा किनारा, पहिल्या पावसात चाळीच्या पत्र्यावर वाजणारे थेंब. यांपैकी कशालाच तिकीट नाही. अलीकडे शांतीसुद्धा आठवड्याच्या सहलीच्या दराने विकली जाते, म्हणून हे सांगावेसे वाटले.

मात्र येथे एक धोका आहे आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या घरी पाणी येत नाही त्याला "साध्या गोष्टींत सुख मान" असे सांगणे सोपे असते. पाण्याचा घोट ही साधी गोष्ट नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते त्या घोटासाठीच घडले. धम्म अभावावर पांघरूण घालायला सांगत नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : न्यायाने मिळविलेले धन असणे, ते उपभोगणे आणि दानात देणे, कोणाचे ऋण नसणे, आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असणे. शेवटच्या सुखाच्या सोळाव्या हिश्श्याचीही सर पहिल्या तिघांना नाही, असे म्हटले आहे खरे. पण ती तिन्ही सुखेच आहेत, माया नव्हेत. हप्त्यांवर फ्रीज, टीव्ही आणि लग्नसमारंभ उभे करणाऱ्या आमच्या वस्त्यांत तिसऱ्या सुखावर अधिक प्रवचने व्हावीत असे लेखकाचे मत आहे. महिन्याच्या दहा तारखेला ज्याच्या छातीत धडधडते त्याला आनापान शिकवण्याआधी हिशेबाची वही शिकवावी.

आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या आवाजाची. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती सर्वच धर्मांचे उत्सव मोडतात. पण जयंतीच्या मिरवणुकीत भिंती हादरवणारे ध्वनिक्षेपक जेव्हा आपलेच असतात, तेव्हा "ते करतात म्हणून आम्ही" हे उत्तर चातुमेच्या त्या भिक्खूंनाही देता आले नसते. शेजारच्या खोलीतील तान्ह्या मुलाची झोप, अभ्यासाला बसलेल्या मुलीची रात्र, आजाऱ्याची पहाट यांचे रक्षण करणे हासुद्धा शीलाचाच भाग मानावा.

पुढील रविवारी भंतेजींनी त्या उपासिकेला पाणवठ्याची गोष्ट सांगितली आणि एवढेच विचारले की, दिवसातले असे कोणते काम आहे जे तुम्हाला एकटीलाच करावे लागते? ती म्हणाली, "पाणी भरणं." पाणी पहाटे साडेपाचला येते. त्यानंतर काही महिन्यांनी ती भेटली तेव्हा सांगत होती की, पहिला हंडा भरेपर्यंत ती आता काहीच बोलत नाही. हंडा रिकामा असतानाचा आवाज, अर्धा भरल्यावरचा आवाज आणि काठाशी आल्यावरचा आवाज वेगवेगळा असतो, हे तिला चाळीस वर्षांत कळले नव्हते. शेजारच्या दोघी सुरुवातीला हसल्या. आता तेवढा वेळ त्या तिला हाक मारीत नाहीत, आणि त्यांतली एक, तिच्या सांगण्याप्रमाणे, स्वतःही गप्प उभी राहू लागली आहे.