तानसाकाठचे वानर आणि माकड

डहाणू-तलासरीचा डोंगरपट्टा बोनेट माकडाच्या प्रदेशाच्या उत्तर टोकाजवळ येतो. पश्चिम भारतात तापी ही या माकडाची जुनी सीमा; तिच्या उत्तरेला आखूड शेपटीचे रीसस माकड. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र रीसस दक्षिणेकडे सरकत बोनेट माकडाची जागा घेत असल्याचे दिसले. भारतीय द्वीपकल्पाबाहेर बोनेट माकड कुठेच नाही, त्यामुळे ही माघार चिंतेची आहे. डोक्यावर टोपीसारखे पसरलेले केस आणि धडाइतकी लांब शेपटी, ही त्याची ओळख.

या भागातून विक्रमगड-वाड्याच्या वाटेने तानसा अभयारण्य गाठता येते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ चे. जलाशयाभोवती साग, ऐन आणि बांबूचे पानझडी रान शहापूर, वाडा आणि मोखाड्यापर्यंत पसरले आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि बोनेट माकड दोन्ही इथे राहतात. पानगळीनंतर फांद्या मोकळ्या झाल्या की टोळ्या दुरूनही दिसतात. वेळ सकाळची किंवा उन्हे उतरतानाची बरी.

वानर पानांवर जगते. त्याच्या कप्प्याकप्प्यांच्या जठरात जिवाणू पानांतले तंतू आंबवतात, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पोट भरलेली टोळी तासन्‌तास फांद्यांवर बसून असते. माकड फळे, बिया, किडे जे मिळेल ते गालांतल्या पिशव्यांत कोंबते आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खाते. टोळ्यांची घडणही वेगळी. बोनेट माकडांच्या टोळीत अनेक नर एकत्र नांदतात. वानरांच्या टोळीत बहुधा एकच प्रौढ नर असतो. नवा नर टोळी बळकावताना दूधपिती पिले मारतो, कारण पिलू गेले की मादी लवकर माजावर येते. हे वर्तन १९६० च्या दशकात धारवाडजवळ युकिमारू सुगियामा यांनी नोंदवले. सुरुवातीला अनेक शास्त्रज्ञांना ते पटले नव्हते.

अशा टोळ्या पाहताना अंतर का राखायचे, हे टांझानियातल्या अनुभवातून कळते. टांगानिका सरोवराकाठी महाले पर्वताचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे १९६५ पासून जपानी संशोधक चिंपांझींचा अभ्यास करत आहेत. २००६ मध्ये फ्लूसारख्या श्वसनरोगाने तिथले अनेक चिंपांझी दगावले; संसर्ग माणसांकडून गेल्याचा दाट संशय होता. तिथे पर्यटकांना तोंडावर मास्क लावून, दहा मीटर अंतर राखून, तासभरच थांबता येते. तानसाकाठीही अंतर तितकेच गरजेचे आहे. खाऊ टाकणे तर पूर्ण बंदच हवे: आयत्या अन्नाच्या आशेने माकडे रस्त्यावर येतात, गाड्यांखाली सापडतात आणि हातातल्या पिशव्यांवर झडप घालू लागतात.