‘बी युअरसेल्फ’ म्हणजे नक्की काय? बर्लिनच्या कवट्या आणि पंढरीची वाट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

‘स्वतःसारखं जगा’ असं सांगणारी निदान चार रील्स आज तुमच्या फोनवर आली असतील. पण स्वतःसारखं म्हणजे कसं, ते कोणी सांगत नाही. डोळे मिटून आत बघितलं की खरा मी सापडतो म्हणे. मला तर भूकच सापडते. चेष्टा सोडा. मला वाटतं, आपण कोण आहोत हे आपल्याला बाहेर कळतं. एखादा प्रश्न मनापासून विचारला आणि उत्तर गैरसोयीचं निघालं, तर आपण काय करतो, तिथे. म्हणून आज इरावती कर्वे.

जन्म 1905चा, ब्रह्मदेशात. इरावती हे तिथल्या नदीचं नाव. वाढल्या मात्र पुण्यात. 1920च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला निघाल्या, तेव्हा सासऱ्यांचा विरोध होता. सासरे कोण? महर्षी कर्वे! बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस. नवरा दिनकर मात्र पाठीशी उभा राहिला.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे आणि पुढे नाझींना जवळचे झालेले शास्त्रज्ञ. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक वंशानुसार बदलतो आणि त्यात गोरे युरोपियन वेगळे, म्हणजे अर्थात वरचढ, दिसतात, असं फिशरना सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. निष्कर्ष? वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध नाही.

आता विचार करा. परका देश, परकी भाषा, डॉक्टरेट ज्याच्या हातात त्याचाच सिद्धांत खोटा ठरतोय. आकडे जरा इकडे-तिकडे करायचे, किंवा गुळमुळीत काहीतरी लिहायचं, कोणाला कळलं असतं? त्यांनी जे मोजलं तेच लिहिलं. 1930मध्ये पदवी मिळाली, पण फिशरनी श्रेणी अगदी खालची दिली.

पुण्यात परतल्यावरही बाई आपल्याच चालीने जगल्या. त्या काळात नवऱ्याला ‘दिनू’ म्हणायच्या, स्कूटर चालवायच्या. या गोष्टी आपण फार चवीने सांगतो. छानच आहेत, पण खरं सांगू? ‘बिनधास्त बाई’ एवढ्यावर आपण थांबलो तर त्यांचा निम्मा भाग सुटतो.

तो निम्मा भाग म्हणजे पंढरपूरची वारी. इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. दिंडी एकच, अभंग तेच, पायाला फोड सगळ्यांच्याच. पण जेवायची वेळ झाली की ब्राह्मण बायकांची चूल वेगळी, मराठा बायकांची वेगळी. हे त्यांना टोचलं. मग त्या दोन्हीकडे जेवायला लागल्या. त्यानंतर मराठा बायका मोकळ्या झाल्या, चालताना हात धरायला लागल्या, शेवटी शेवटी ‘ताई’ म्हणायला लागल्या.

कुतूहलाचा हा भाग मला जास्त अवघड वाटतो. कवटी उलट प्रश्न विचारत नाही. माणसं विचारतात. आपण कॅमेरा घेऊन एखाद्या गावात जातो, लोकांना ‘तुमची स्टोरी सांगा’ म्हणतो, तेव्हा आपण मोकळे असतो की फक्त तेच मोकळे व्हावेत अशी आपली अपेक्षा असते? (हे मी मलाही विचारतोय. पॉडकास्टवाला आहे ना!) खुलेपणा म्हणजे समोरच्यालाही आपल्याला तपासू द्यायचं. त्यात आपली चांगली प्रतिमा टिकेलच असं नाही.

त्या वाटेवर नेमकं हेच झालं. पंढरपूर जवळ येत होतं. बायका म्हणाल्या, ताई, आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ हं. तेवढ्यात एका तरुण मुलीने साधा प्रश्न केला, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्ता वागताय तशाच वागाल का?

इरावतीबाईंना तो प्रश्न फार खोल लागला. लेख त्यांचा होता, तो प्रश्न सहज गाळता आला असता. त्यांनी तो गाळला नाही. लिहून ठेवला, आणि लागला हेही लिहिलं.

त्या लेखाचं नाव ‘वाटचाल’. लायब्ररीत विचारा, वाचा, आणि काय वाटलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूया पुढच्या भागात!