फीबी नेमकी कोण?

‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन विनोदी मालिका तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिली असेल, नाहीतर मुलींच्या मोबाईलवर तिचा आवाज तरी ऐकला असेल. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चाललेली, न्यूयॉर्कच्या सहा मित्रमैत्रिणींची ही गोष्ट. त्यातली फीबी मालिश करून पोट भरते आणि गिटारवर विचित्र गाणी म्हणते. बरेच प्रेक्षक तिला बायसेक्शुअल मानतात. मालिकेत तसं कुठे म्हटलेलं नाही. मग हे लोक कशावरून म्हणतात?

आधी शब्द समजून घेऊ. जिला स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ओढ वाटू शकते ती बायसेक्शुअल. काही जण ‘उभयलिंगी’ म्हणतात, पण शाळेत आपण गांडूळ उभयलिंगी असतं असं शिकलो! तिथे शरीराची गोष्ट होती. इथे ओढ कोणाविषयी वाटते एवढाच प्रश्न आहे, म्हणून आम्हाला ‘उभयलैंगिक’ बरा वाटतो.

आता फीबी. २००१ सालच्या एका भागात रेचल सांगते, की कॉलेजात असताना एका मुलीचं आणि तिचं चुंबन झालं होतं. फीबीला ते पटत नाही. भागाच्या शेवटी, एवढं आहे तरी काय ते बघू म्हणून फीबीच रेचलचं चुंबन घेते आणि याहून बरी अनुभवली आहेत, अशा अर्थाचं काहीतरी बोलून मोकळी होते. लाजत नाही, हादरत नाही. चाहते विचारतात, ती बरी चुंबनं कोणाची? आता विनोदच तो. एवढ्यावर आम्ही पैज लावणार नाही.

आम्हाला जास्त बोलका वाटतो तो १९९५ चा भाग. बर्फावर नाचणारा कॅनडाचा डंकन अमेरिकेत राहू शकावा म्हणून फीबीनं त्याच्याशी कागदोपत्री लग्न केलेलं असतं. तो समलिंगी आहे असंच सगळे धरून चाललेले. तो घटस्फोट मागायला येतो, कारण त्याला एका बाईशी लग्न करायचंय. आपण समलिंगी नव्हतोच, म्हणतो. दोन्हीकडे ओढ असू शकते, हे त्या भागात गंभीरपणे कोणी धरतच नाही. पुढे जानेवारी १९९६ मध्ये रॉसची आधीची बायको कॅरल सुझनशी लग्न करते. त्या काळी टीव्हीवर हे धाडसच होतं. त्याच महिन्यात फीबी वाचनालयात लहान मुलांपुढे गाते, त्यात ‘बायसेक्शुअल’ हा शब्द येतो, पण चिमटा काढूनच. म्हणजे इकडचे किंवा तिकडचे, मधल्यांना फक्त हशा. म्हणूनच फीबीचा बिनधास्तपणा प्रेक्षकांनी धरून ठेवला असावा.

काहीजणी म्हणतील, २००४ मध्ये तिनं माइकशी लग्न केलं, विषय मिटला. तसा तो मिटत नाही. आमच्या एका श्रोत्या मैत्रिणीनं विचारलं होतं: लग्नाआधी मैत्रिणीवर जीव होता, आता नवऱ्यावर आहे, मग तेव्हाचं खोटं का? आम्ही कळवलं, अजिबात नाही. लग्न कोणाशी झालं यावरून ओढ ठरत नाही. (फीबीबद्दल असे तर्क खुशाल करा, तिला सासर नाही. शेजारणीबद्दल मात्र करू नका.)

‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ या मालिकेत डिसेंबर २०१७ मध्ये हेच उघड बोललं गेलं. पोलीस अधिकारी रोझा आईवडिलांना सांगते, मी बायसेक्शुअल आहे. म्हणजे पुरुषाशी लग्न करता येईलच की, असा सूर घरातून निघतो. केलं तरी मी हीच राहीन, असं ती ठामपणे सांगते. वडील नंतर एकटेच तिला भेटायला येतात. आईला वेळ लागेल, म्हणतात.