उरलेली औषधं ओढ्यात टाकू नका

मढ परिसरातल्या ओढ्यांचं पाणी पिंपळगाव जोगे धरणाकडं जातं. जनावरांचं उरलेलं अँटिबायोटिक ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यात टाकलं, तर ते पाण्यात उतरतं. टीसीएल पावडरीनं जंतू मरतात, पण औषधाचा अंश जाईलच असं नाही. आणि त्याला सरावलेले जंतू उद्या गाय किंवा लेकरू आजारी पडल्यावर औषधाला दाद देत नाहीत.

म्हणून:
१) लागेल तेवढंच औषध घ्या, डोस पुरा करा.
२) उरलेल्या बाटल्या-गोळ्या झाकणाच्या डब्यात, लेकरांपासून लांब ठेवा. मेडिकल किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात परत घेतात का, विचारा.
३) सुया जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून डॉक्टरांकडं द्या.
४) बाटल्या विहिरीवर धुवू नका, जाळूही नका.

शेजाऱ्यांनाही सांगा.